नाडी

नाझनीन आली तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा सोलत होते.
म्हणाली, सिस्टर, मला मरायला शिकवा.
तिच्या अब्बांचा जन्म मिरजेत तंबोऱ्यांना तारा चढवण्यात गेला,
आणि ही पोर बडोद्याहून शिकून आलेली,
केस कानापर्यंत कापलेले, हातात फोन.
फोनवर इटलीतली कुणी बाई
क्षयानं मरत होती. गात.

मी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं.
म्हटलं, हिला काही झालेलं नाही.
एवढा लांब सूर ज्या फुप्फुसातून निघतो
ते घेऊन ही बाई दुसऱ्या दिवशी बाजाराला जाईल.

ती हसली नाही. वही काढली.

मग सांगितलं.
छत्तीस वर्षं छातीच्या दवाखान्यात,
बायकांचा वॉर्ड, खिडक्या सगळ्या पूर्वेला.
शेवटी माणूस सूर लावत नाही.
श्वास आधी मानेत चढतो, मग नाकपुड्यांत,
मग दोन श्वासांच्या मध्ये एवढी जागा पडते
की तेवढ्यात घरी चक्कर मारून यावं.
चौदा नंबरची बेडगची मुलगी, वय एकोणीस,
पहाटे म्हणाली, वेणी सैल झालीय, घट्ट घाला.
मी म्हटलं, राउंड झाला की घालते.

हे मी वहीसाठी सांगितलं नव्हतं.

प्रयोग अब्बांच्या कारखान्यात.
आढ्याला टांगलेले वाळके भोपळे, खाली भुसा,
लाखेचा वास, मधोमध लोखंडी खाट,
आमच्याच लिलावातली. पोपडे निघालेला पाय मी ओळखला.
सांगलीहून बरीच तरुण मुलं आली होती,
आणि पुढच्या सतरंजीवर दोन म्हातारे गवई,
गाणं कधी सुरू होतंय म्हणून मांडीवर हात ठेवून.

ती सहा वेळा मेली.
सुरी खुपसून. पेल्यातलं पिऊन.
समुद्रापलीकडं गेलेल्याची वाट बघून.
माळ्यावरून उडी टाकून, भुशावर धप्प,
तर भिंतीला टेकलेले चार तंबोरे आपले आपण घुमले
आणि एक म्हातारा नकळत म्हणाला, वा.
एकदा तर नुसती ओढणी घडी करून ठेवली आणि मेली,
ती कशानं, मला अजून कळलेलं नाही.
दर वेळी तोंड उघडायचं, षड्जासाठी उघडतात तसं,
आणि सूर यायचा नाही.

सातव्यांदा ती खाटेवर आडवी झाली.
मानेत श्वास. नाकपुड्या. मधली ती जागा.
सगळं बरोबर होतं. नको तितकं बरोबर.
मग डोळे न उघडता, पूर्ण प्रयोगातलं एकच वाक्य:
वेणी सैल झालीय, घट्ट घाला.

मी उठले. गुडघे वाजले.
लोकांनी वाट दिली,
त्यांना वाटलं, ह्या बाईंचंही काम आहे यात.
कडेला बसून मनगट धरलं, घड्याळ पाहिलं,
पूर्ण एक मिनिट.
हल्लीच्या मुली अर्धं मोजून दुप्पट करतात. मी नाही.
ब्याण्णव. ठणठणीत.
कुणाला सांगितलं नाही.

मग कानामागचे ते आखूड केस गोळा करून
तीन पेड केले, जेवढे झाले तेवढे.
सुटत होते. पुन्हा घातले. पुन्हा सुटले.
टाळ्या पडल्या तेव्हा
तिसरा पेड माझ्या बोटांतच होता.