मानशीतली पाचर

सकाळी सातला मिरामारचा वर्ग, अकराला चोडणचं टपाल,
मधल्या फेरीबोटीत अमेरिका.
तुलनात्मक संविधान, ऐच्छिक पेपर,
घेणारे आम्ही तिघेच, शिकवणाऱ्या सावईकर मॅडम,
‘राष्ट्राध्यक्ष’ म्हणताना ज्या दर वेळी चष्मा काढतात.

पहिला खटला ऐकून पोस्टमनचा जीव कळवळला.
सही झालेली, शिक्का बसलेला,
नेमणुकीचा कागद टेबलावरच राहून गेला.
सरकार बदललं. नव्यांनी तो पोचवला नाही.
कोर्ट म्हणालं, कागद तुझाच आहे बाबा,
पण तो देववण्याची ताकद ज्या कायद्याने आम्हाला दिली
तो कायदाच संविधानात बसत नाही.
आपल्या हातातली काठी आपणच मोडली
आणि मोडता मोडता कोर्ट हातभर उंच झालं.
त्या माणसाला पत्र काही मिळालं नाही.
मी वहीच्या कडेला लिहिलं: बटवडा शिल्लक.

मग ओहायोचा तो शेतकरी.
अकरा एकरांची परवानगी, पेरले तेवीस,
जास्तीचा गहू घरच्या कोंबड्यांना, घरच्या भाकरीला.
तरी दंड.
कारण सगळेच घरचं खाऊ लागले तर बाजार हलतो,
आणि राज्याराज्यांतला बाजार हलला
की वॉशिंग्टनचा हात थेट कणगीपर्यंत पोचतो.
सांतानला हे सांगितलं तेव्हा तो खाजनात उभा होता,
गुडघाभर चिखल, भोवती कोरगुट.
बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
“म्हणल्यार म्हजी पेज लेगीत दिल्लीची?”

त्याला मानस जास्त चांगली कळते.
नदी चढते तेव्हा तिच्याच जोराने दार मिटतं,
नदी उतरते तेव्हा आतल्या पाण्याच्या जोराने उघडतं.
कोणी राजा नको, कोणी चौकीदार नको,
फक्त दोन पाणी, एकमेकांवर रेललेली.
मॅडमनी दोन तास घेतले होते हेच सांगायला.

यंदा मानशीचा लिलाव फोंड्याच्या गावणेकराने घेतला.
भाद्रपदातली अमावास्या, भात पोटरीला आलेलं,
आणि दाराच्या फटीत त्याने पाचर ठोकली.
दार उघडं राहिलं तर कोळंबी जास्त.
खारं पाणी आत आलं, पहिल्या दोन कुणग्या पिवळ्या पडल्या.
पंचायत म्हणाली, मामलेदार.
मामलेदार म्हणाले, कूळ संघ.
कूळ संघाचे अध्यक्ष म्हणाले, बैठक सोमवारी.
भरतीला सोमवार ठाऊक नव्हता.

पोलादाच्या कारखान्यांचा खटला मी त्याच रात्री वाचत होतो.
बाहेर युद्ध, आत संप येऊ घातलेला,
राष्ट्राध्यक्षांनी कारखाने ताब्यात घेतले, देशासाठी.
कोर्ट म्हणालं, परत करा.
कायदेमंडळाने दिलं नाही, संविधानात लिहिलं नाही,
निकड कितीही खरी असो,
निकडीच्या पोटी अधिकार जन्मत नाही.
हे वाक्य मी लाल पेनने दोनदा अधोरेखित केलं,
टॉर्च घेतला, आणि बांधावरून चालत गेलो.

मी कूळ नाही, पंच नाही, गावकारही नाही.
पाण्यात छातीभर उतरलो.
पाचर तिसऱ्या हिसक्याला निघाली
आणि दार असं आपटलं की पलीकडच्या वाड्यावरची कुत्री उठली.

दुसऱ्या दिवशी पेपर. प्रश्न चौथा:
आणीबाणीच्या काळात कार्यकारी सत्तेच्या मर्यादा, चर्चा करा.
सहा पानं लिहिली, सगळी राष्ट्राध्यक्षांच्या विरोधात.
पुरवणी घेतली.
बाकाखाली टपालाच्या पिशवीत पाचर,
तिच्या खाऱ्या गाळाचा वास
पुढच्या बाकापर्यंत गेला असावा,
कारण मॅडमनी चष्मा काढून इकडेतिकडे पाहिलं.

सांतानचं भात वाचलं, सगळं नाही.
कोणी काढली, हे त्याने विचारलं नाही.

पाचर अजून माझ्याकडेच आहे.
चांगल्या माटीची, ताशीव, वर खडूने गावणेकराचं नाव.
वस्तू त्याची, त्याला मिळायला हवी, हे मला मान्य आहे.
पण फोंडा माझ्या बीटात येत नाही.