एक्केचाळीस हात

नांदेडच्या तलावावर सकाळी सहाला
इरफाना पन्नास मीटर मारते.
काठावर गुट्टे सर, घड्याळ खिशात, हात मोजतात.
सेहेचाळीस.
"पाण्याला बडवूलालीस कशाला?
त्यानं काय केलंय तुझं?"

ती मुदखेडच्या विहिरीत शिकलेली,
पाठीला तेलाचा रिकामा डबा.
बुडायचं नाही, एवढंच पोहणं;
फेस जास्त तेवढी शाबासकी.

इथं सगळं उलट.
कोपर वर, बोटं खाली.
रांजणाच्या तळाचं पाणी तांब्यानं खरवडून घ्यावं
तसं ओढायचं, पार मांडीपर्यंत.
मान नाही, खांदा वळू दे.
श्वास एकदाच, तोही अर्ध्या तोंडानं.

मग अडतीस. पण वेळ वाढला.
"आता म्हशीगत तरंगूलालीस."

किती दिवस गेले, तिनं मोजले नाहीत.
एकदा मधल्या निळ्या फरशांवर वाटलं,
हात मागं जातच नाहीये,
तो रुतलाय पाण्यात,
विहिरीतल्या कपारीला धरावं तसा,
आणि त्याच्यावरून पुढं सरकतेय ती.

भिंत.
"एक्केचाळीस," सर म्हणतात,
आणि पहिल्यांदाच घड्याळ तिच्याकडं वळवतात.
काच ओली.
आकडे नीट दिसत नाहीत.