मुंग्या

त्या डोंगराला नाव आहे एक,
कातळपाड्यातली माणसं अजून घेतात ते.
आम्ही बेलापूरचे सेक्टरवाले म्हणायचो, टॉवरचा डोंगर.
आणि मी म्हणायचे, ह्यांचं ऑफिस.

बावीस वर्षं हे जीपने वर गेले,
डब्यात चार पोळ्या, थर्मासमध्ये चहा.
मी एकदाही नाही.
"तिथे काय बघायचंय? यंत्रं?"
गच्चीगच्चीवर ॲल्युमिनियमचे सांगाडे
डोंगराकडे तोंड करून उभे असायचे.
माझी तेवढी पाठ. ओटा उलट्या बाजूला होता.

पडद्यावर मुंग्या आल्या
की सगळी बिल्डिंग माझ्याकडे बघायची.
सरोळकर वहिनी तर खिडकीतूनच,
"अहो, सांगा ना तुमच्या मिस्टरांना!"
जसं काही मीच पोळपाट ठेवून आलेय
चित्राच्या वाटेत.

आता ह्यांचे गुडघे गेले.
प्रक्षेपण त्याच्या आधीच गेलं.
लोखंड उभं आहे, आणि वर लाल दिवा,
विमानांना दिसावा म्हणून.
एकसष्टाव्या वर्षी मी बूट घेतले.

शनिवारी पहाटे, पाण्याच्या टाकीपासून, आम्ही सातजणी.
आधी मुरूम, पाय धरत नाही.
मग करवंदीच्या जाळ्या, ओढणी सोडत नाहीत.
मग सपाट कातळ; तिथे बाकीच्या टेकतात,
खाडीकडे बघत कुणाचं कुठलं तेल चांगलं ते बोलतात.
मी थांबत नाही.
मला कुंपणाच्या जाळीला नाक लावून
ती खिडकी बघायची असते
जिच्याआड माझ्या संसारातल्या निम्म्या रात्री गेल्या.
काच फुटलीय. आत एक खुर्ची आहे, तीन पायांची.

जाळीपाशी बुगी पारधी काकड्या घेऊन बसते.
परवा मीठ लावता लावता म्हणाली,
"तुमी पेंडुरकर सायबांच्या ना?
माजी भावजय अडली व्हती. झोळीत घालून उतरवत व्हतो.
लाईट गेली. वरचा लाल दिवा पन इझला,
वाट कंची, कडा कंचा, कायपन दिसंना.
सायब बॅटरी घेऊन भायेर आलं.
इंजिन नाय चालू केला, बाय.
गाडी चालू केली."

पोरगं आता उरणला क्रेन चालवतं म्हणे.
फोन उचलत नाही.

काकडी हातात तशीच राहिली.
तो रविवार मला आठवतो.
आमच्या घरी लाईट होती,
सिनेमात नायक पत्र उघडत होता,
बोट पाकिटात गेलं
आणि मुंग्या.
पन्नास मिनिटं नुसत्या मुंग्या, खर्र खर्र,
कुणी टीव्हीच्या डोक्यावर थापट्या मारतंय, कुणी गच्चीवर धावतंय,
"आलं का?" "नाही!" "आता?" "नाही!"
चित्र आलं तेव्हा बातम्या चालू होत्या.
सरोळकर वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत.

सकाळी हे आले, बुटांना चिखल.
"डिझेलमध्ये पाणी गेलं होतं," म्हणाले, आणि झोपले.
पुढच्या महिन्यात मेमो आला, एक वेतनवाढ थांबली,
माझं शिलाई मशीन त्या वर्षी दुकानातच राहिलं.
मी काय काय बोलले होते तेव्हा!
ह्यांनी ऐकून घेतलं होतं सगळं,
रेडिओ ऐकावा तसं, मध्ये न बोलता.

उतरताना पायवाटेवरून मुंग्यांची रांग चालली होती,
खऱ्या मुंग्यांची, तोंडात काहीबाही घेऊन.
मी पाय लांब टाकला.

घरी हे बाल्कनीत, गुडघ्याला तेल चोळत.
नेहमीचा प्रश्न:
"दिवा आहे का चालू?"
"आहे."
बूट काढता काढता सहज विचारल्यासारखं विचारलं,
"काय हो, त्या सिनेमात,
त्या पत्रात काय लिहिलं होतं शेवटी?"

"कुठला सिनेमा?" म्हणाले.
मग बराच वेळ तेलाची बाटली बंद करत राहिले.
झाकण आटे सोडून फिरत होतं.
"मला काय ठाऊक.
मी तेव्हा जागेवर होतो कुठे."