चाळिशी

शाळेला शंभर वर्षं झाली, स्मरणिका काढायची ठरली,
आणि इतिहास लिहायचं माझ्या गळ्यात पडलं.
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी
दप्तरखान्यात कुठल्या कपाटाला कुठली किल्ली
हे अजून मलाच विचारतात.

बडोद्यात आमच्या शाळेला तिच्या नावानं कुणी ओळखत नाही.
चाळिशी म्हणतात.
दर वर्षी चाळीसच पोरं घ्यायची, एकेचाळिसावं नाही,
मग तो दिवाणांचा भाचा का असेना.
भाचा होता. घेतला नाही.
हे मी ठळक अक्षरांत लिहिलंय.
पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ घेतला,
ते राहून गेलं.

पहिले हेडमास्तर ऑल्डरिजसाहेब
सुरसागराच्या काठानं सायकलीवर यायचे,
वर्गात शिरता शिरता फळ्यावर एक वाक्य टाकायचे
आणि म्हणायचे, याची हाडं सुटी करा.
कर्ता कुठाय, क्रियापद कुठाय,
'विच' कुणाच्या शेपटीला बांधलंय.
घरात मराठी, गल्लीत गुजराती बोलणारी
दांडिया बाजारातली पोरं
परीक्षेच्या सकाळी संध्या म्हणावी तसं पुटपुटायची:
हॅज, हॅव, हॅड.

मग यश. यशाला सात पानं दिलीत.
हायकोर्टाचे न्यायाधीश तीन.
धरणं बांधणारे दोघे, पैकी एकाचं अजून गळत नाही.
टिपणीसांचा वसंता हिमनद्या मोजायला गेला
आणि तीन बोटं कमी घेऊन परत आला.
सभागृहात सागवानी फलकावर सगळे आहेत,
ईश्वरभाई पेंटरनं सोन्याच्या वर्खात काढलेले.
तो श्वास रोखून अक्षर काढायचा,
म्हणून लांब आडनावाचा मुलगा पहिला आला
की त्याला धाप लागायची.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात दुसरी वही सापडली.
परीक्षेला बसलेल्या सगळ्यांची.
दर वर्षी तीनशे, साडेतीनशे,
आणि चाळिसांखाली तांबडी रेघ.
रेघेखाली प्रत्येकापुढे एकच शब्द, रिग्रेट.
आमचा शिपाई भिखू त्याला रिगरेट म्हणायचा,
सिगरेटचीच एखादी जात असल्यासारखं.

सन एकसष्ट. क्रमांक त्रेचाळीस.
विश्राम केशव जामदार.
माझा भाऊ.
घरी पत्र आलं ते वडिलांनी उभ्यानंच वाचलं,
मग त्याच्यासमोर धरून म्हणाले, कर हाडं सुटी.
त्यानं केली. बरोबर केली.
कर्ता 'वी', क्रियापद 'रिग्रेट',
आणि मी कुठाय, त्यानं विचारलं, मी यात कुठेच नाही.
'युवर वॉर्ड' म्हणजे तूच, वडील म्हणाले,
आणि टोपी घालून बाहेर गेले.

विश्रामचं आता न्यायमंदिरापाशी चष्म्यांचं दुकान आहे.
गावातली खरी चाळिशी माझ्याकडे मिळते,
हा त्याचा विनोद मी चाळीस वर्षं ऐकतेय.
तिघांपैकी दोन न्यायाधीश त्याचेच चष्मे लावून निकाल वाचायचे.
हे इतिहासात बसतं का,
समितीला विचारलं. हसले.
ताई, यशाचंच लिहा.

वहीत मी माझं नाव शोधलं नाही.
मुलींना अठ्ठ्याहत्तरपर्यंत परीक्षेलाच बसू देत नव्हते,
आणि अठ्ठ्याहत्तरात मी तिथे कारकून म्हणून लागले.
मुलींची पहिली यादी मीच टंकली.
अकरा नावं. एकेक अक्षर दाबून, सावकाश.
त्या दिवशी ऑफिसात फार कुणी बोललं नाही.

काल छपाईची मुद्रितं आली.
सात पानांची पाच झालीत,
ईश्वरभाईचा परिच्छेद गेला,
धरणाचा फोटो मोठा झाला.
मी समासात एक ओळ घुसवलीय,
राहते की नाही बघायचं:

परीक्षेची फी सुरुवातीला आठ आणे, पुढे एक रुपया.
ती कुणाचीही नाकारल्याची नोंद नाही.