फ्यूज पाहा आधी

भुताचा पाह्यला परवा, सबस्टेशनवर, रातपायीत,
देवमनच्या मोबाइलवर. त्याची काच तडकली हाय,
म्हनून भुताले दोन नाकं दिसत होते.
पिक्चर बरा हाय. पन मले एक सांगा,
बंगल्यातला बल्ब फडफडला
का थे पोरगी जिना चढून वर काहून जाते?
आमच्या इकडे बल्ब फडफडला
तर मानूस डीपीवर जाते, झंपर पाह्यते.
न्यूट्रल ढिलं असन, नायी तर खार भाजली असन तारीवर.
खरं सांगतो, अर्धा पिक्चर न्यूट्रलचा हाय,
भुताचं काम वीस मिनिटाचं.

देवमन म्हने, थे मेलेली बाई कोन होय?
मी म्हटलं, आजी होय बे, फोटो नायी पाह्यला भिंतीवर?
तो म्हने, आजी असन
तर नातीचाच गया काहून धरते?
हे बरोबर बोलला. लिहिनाऱ्याले विचारा लागते.

दुसरा अंतराळातला. लय लंबा.
जहाज जाऊन रायलं, जाऊन रायलं,
लोकं काचेच्या पेटीत झोपले दोनशे वर्सं,
अन् भरोसा कोनाचा, तर एका कम्प्युटरचा.
एवढं मोठं जहाज अन् एकच ब्रेकर!
आमच्या धानोऱ्याले, बावीसशे मतदानाच्या गावाले,
दोन बाजूनं लाइन येते,
अन् हे मानवजात वाचवाले निघाले.
पन एक जागा आवडली.
बाई बाहेर तरंगून रायली, दोरी सुटली,
अन् पिक्चरवाल्यानं आवाजच बंद केला.
काहीच नायी. श्वास पन नायी.
मी देवमनकडे पाह्यलं. त्यानं नायी पाह्यलं माह्याकडे.
आवाज गेला का काय म्हनून बटन दाबत होता,
नायी तर दाबल्यासारखं करत होता.

कांताले हे सायन्स-फायन्स चालत नायी. मारामारी पाह्यजे.
भाकर थापता थापता पाह्यते,
मोबाइल पिठाच्या डब्याले टेकवून.
हिरो हायटेन्शनच्या तारीले लोंबकयते.
लोंबकयला तर एक येय चालते, पाखरू बसतेच ना,
पन तसाच लोंबकयून गुंडाच्या छातीत लाथ हानते!
गुंडा जमिनीवर उभा हाय, बावा. झालं ना सर्किट पुरं.
मी म्हटलं, कोयसा होईन दोघाचा.
ती म्हने, तुमी गप राहा,
तुमाले तारीचा पगार भेटते, त्याले लाथीचा.

मागच्या साली, पोयाच्या करीले,
धानोऱ्याच्या नाल्यापाशी लाइन बंद होती.
परमिट मीच घेतलं होतं.
देवमन खांबावर, खाली तुरी मांडीइतक्या.
कोनाच्या तरी घरी जनरेटर लागला,
करंट उलटा चालून आला.
पहिले म्युझिक नायी वाजलं. दार नायी करकरलं.
टिटवी वरडत होती थे वरडतच रायली.
तो पडला तवा आवाज कसा झाला
थे मले अजून आठवत नायी.
तुरीचे शेंडे हलताना आठवते.

दोन बोटं गेले. बाकी देवमन पुरा हाय,
चहात साखर तीन चमचे,
अन् भुताच्या पिक्चरची भारी हौस.

आनखी एक हाय म्हने उद्याच्याले,
गावचे गाव मुडदे उठून येते, एकमेकाले चावते.
सरपंचाले बी चावते का, मी विचारलं.
हासला. मोबाइल चार्जिंगले लावला,
लावायच्या आधी पिन हुंगली, नेहमीसारखी,
मंग बोर्डाले उलटा हात लावून पाह्यला,
थोच, तीन बोटाचा.

तेवढ्यात फीडर ट्रिप झाला, धानोऱ्याचा.
पाखरू असन, म्हने.
मी बॅटरी घेतली. तो बी उठला.