राजीखुशीने

सकाळी न्यायमंदिराच्या ओट्यावर
मी गुजरातीतून सोडपत्रं टाइप करायचे,
दुपारी मराठीतून
पारसनीस सरांचा ग्रंथ.
यंत्रं दोन, बोटं तीच.

सरांचा प्रश्न एकच होता, अठरा वर्षं:
तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या परदेशी माणसाने
'संमती' म्हटलं, तेव्हा
त्याला नेमकं काय म्हणायचं होतं?
राज्यात राहिलास, विहिरीचं पाणी प्यालास,
हमरस्त्याने चाललास,
म्हणजे करारावर सही केलीस की नाही?

अमीन सर म्हणत, केलीच.
तो तर जमीनदारांचा हिशेबनीस होता.
पारसनीस म्हणत, थांबा,
सातव्या प्रकरणातला स्वल्पविराम बघा.
त्या एका स्वल्पविरामापायी दोघे
कमाटीबागेला तीन चकरा मारत
आणि सुरसागरच्या कठड्यापाशी
उरलेलं भांडण शेंगांच्या पुडीत बांधून
आपापल्या घरी नेत.

मला हसू यायचं.
टाइप करता करता यायचं बंद झालं.

माझ्या मराठी यंत्राचा अनुस्वार झिजलेला.
'संमती'ची 'समती' उमटायची,
सर प्रत्येक पानावर
हाताने ठिपका देत बसायचे.

रुकार, होकार, मान्यता, कबुली:
प्रत्येकीला त्यांनी वेगळी खोली दिली होती
आणि दारावर तळटीप.
कबुली भीतीनेही देता येते, मान्यता वरून येते,
रुकाराला तोंड लागतं.
'आणि मौन?' मी एकदा विचारलं.
सर चष्मा पुसत राहिले.
मौनाचं प्रकरण अजून कच्चं होतं.

त्याच आठवड्यात कमुबेन आली, वाघोडियाकडची,
दोन भाऊ दोन बाजूंना.
बापाच्या चार विघ्यांतला वाटा सोडायचा होता.
मी नेहमीचं टाइप केलं, न बघता:
अक्कलहुशारीने, राजीखुशीने,
कसल्याही नशेत नसताना,
कोणाच्याही दाबाखाली नसताना.
वाचून दाखवलं.
माना भावांनी हलवल्या.
तिने विचारलं, 'बेन, पैसे शब्दावर का पानावर?'
'पानावर.'
'मग एक काढला तर तुमचं काही जाणार नाही.'
'कोणता?'
ती बोलली नाही.
अंगठ्याला शाई लागलेलीच होती.
मी म्हटलं, तो नसला तर दस्त नोंदला जात नाही.
तिने मान डोलावली,
वांग्यांच्या भावाला डोलवतात तशी,
आणि अंगठा टेकवला.
स्वच्छ ठसा. एकही रेघ फिसकटलेली नाही.

'राजीखुशी'ला ठिपका लागत नाही.
तो शब्द माझ्याकडून कायम पूर्णच उमटला.

दुपारी सरांचं पान दोनशे बारा:
'विवेकी आणि स्वतंत्र व्यक्तीची समती
हाच सत्तेचा एकमेव वैध पाया होय.'
तळटिपांचा शेवटचा आकडा एक्याऐंशी.
मी ब्याऐंशी टाकला आणि खाली,
सरांच्याच धाटणीत:
'पहा: कमुबेन, सोडपत्र, चार विघे.
तिथे हा शब्द पानाच्या भावात फुकट मिळतो.'

पानं तपासून परत आली.
ठिपके सगळे जागच्या जागी.
ब्याऐंशीपाशी फक्त पेन्सिल:
'आवृत्ती कोणती? पृष्ठांक?'
ते खोडून, 'राहू द्या.'
तेही खोडून, अगदी बारीक अक्षरात:
'या बाई कुठे भेटतील?'

मी समासात वाघोडियाच्या बसची वेळ लिहिली.

मौनाचं प्रकरण अजून आलेलं नाही.
यंत्राला नवी फीत घालून ठेवली आहे.
अमीन सर रोज विचारून जातात.