सोहारला, तिसऱ्या सेटमध्ये

मस्कतहून निघालो तेव्हा चार वाजले होते.
सजीची व्हॅन, मागे स्पीकर आडवे,
रोनेलचा मोठा ड्रम माझ्या मांडीवर
एखाद्या आजारी नातेवाइकासारखा.
डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र असावा,
दिसत नव्हता; नुसता खारट, पांढुरका उजेड.
लिबर्टा कुणाशी बोलत नव्हती,
आल्याच्या पाण्याने गळा शेकत होती.

मी दिवसा एसीच्या डक्टवर फॉइल चढवणाऱ्या
माणसांचे तास मोजतो.
गुरुवारी रात्री दुसऱ्यांची गाणी वाजवतो,
रेकॉर्डवर आहेत तश्शी,
मधल्या खोकल्यासकट.
आमचं एकही गाणं आमचं नाही.
एक होतं. रोनेलच्या मोबाइलमध्ये, बेचाळीस सेकंदांचं.
तो मोबाइल त्याने विकला.

डिनर डान्स बंदरातल्या कंपनीचा.
खुर्च्यांना पांढरे झगे, कमरेला सोनेरी फीत.
सात नंबरच्या टेबलावर कुणी आलंच नाही,
तिथले पाव तसेच, नॅपकिनचे हंस तसेच.
पहिल्या सेटला लोक सूप पितात.
दुसऱ्या सेटला बुफेची रांग.
लिबर्टा कुणाच्या तरी प्रेमभंगाच्या ओळी
बिर्याणीच्या वाफेत सोडून देते,
आणि टाळ्या पडतात, पण त्या सोडतीच्या:
नंबर एकशे अकरा, मिक्सर.

बेस वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही.
बाबा कऱ्हाडच्या बँडमध्ये युफोनियम फुंकायचे,
लाल कोट, खांद्याला झालर, पायात घरच्याच चपला.
म्हणायचे, नवरदेवाला तू दिसायची गरज नाही.
घोड्याला ऐकू आलास की पुरे.

तिसरा सेट. संथ चाल. दिवे निळे.
जोड्या उठल्या; काही सराईत, काही
फ्रिज सरकवावा तसे बायकोला सरकवणारे.
आणि कडव्याच्या ऐन मध्यात
वीज गेली.

झुंबर गेलं, माइक मुका, माझ्या हातात
चार तारा बांधलेलं लाकूड.
बाहेर जायच्या दारावरचा हिरवा माणूस तेवढा
पळत राहिला.
रोनेल थांबला नाही. ब्रश फिरवत राहिला,
सुपात तांदूळ पाखडावेत तसा.
आणि ते नाचत राहिले.

पंधरा वर्षं मी नाचासाठी वाजवतोय.
नाच कसा वाजतो, ते त्या रात्री ऐकलं.
तळव्यांची घासट. बांगड्या. एक गुडघा, कट्कन.
कुणाचा तरी पदर कुणाच्या तरी टाचेखाली.
दमलेला एक श्वास, नाकातून.
आणि डावीकडे, अगदी दबक्या आवाजात,
एक माणूस:
एक, दोन, तीन. एक, दोन, हां, मागे. तीन.
मराठीत.
आणि तो ‘हां’ तर थेट आमच्या कृष्णेच्या काठचा,
बैलगाडी मागे घेताना म्हणतात तो.

बाई हसली. मोजू नका हो.
तो म्हणाला, नाही मोजलं तर पडेन.

दिवे आले. मी अर्धी मात्रा उशिरा शिरलो.
लिबर्टाने मान वळवली. बाकी कुणाला पत्ता नाही.
डावीकडे अकरा जोड्या,
सगळ्यांचे ओठ मिटलेले,
सगळ्यांची पावलं बरोबर.
नंतर मिठाईच्या टेबलाशीही उभा राहिलो, कान देऊन.
सगळे इंग्रजीत बोलत होते,
मोठमोठ्याने, तोंडात गुलाबजाम.

रात्री दीडला सहमच्या पंपावर करक चहा.
लिबर्टा म्हणाली, तिसऱ्या सेटला कुठे गेला होतास?
म्हटलं, इथेच होतो की.
सजीने पैसे वाटले. डिझेल वजा जाता
पाच रियालच्या चार नोटा.
मी पेट्रोलपंपाच्या उजेडात धरल्या:
एक, दोन, हां,
मागे.
सजी म्हणाला, अरे, बरोबर आहेत.
मोजतोस काय.